प्रशासकांच्या काळातले ठराव आधी सभागृहात मागवा

ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिकांच्या सर्व नवनिर्वाचित सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मोजणी झाली आणि ठाण्यात १३१, नवी मुंबईत १११ जण निवडून आलात. तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. मी ऐरोलीत राहते, माझं माहेर नौपाड्यात आणि वकिलीमुळे माझा बराचसा वेळ ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर जातो. दोन्ही शहरं माझी आहेत, म्हणून हे पत्रही दोन्ही सभागृहांना एकत्र लिहिते आहे. पाणी, गटारं, पार्किंग, फेरीवाले यांबद्दल तुमच्याकडे अर्जांचा ढीग येईल आणि तो यायलाच हवा. माझी मागणी वेगळी आहे. नवं काही मंजूर करण्याआधी, सभागृह नसताना प्रशासकांनी, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, सभागृहाच्या अधिकारात जे जे मंजूर केलं ते सगळं मागवून घ्या, वाचा आणि लोकांपुढे ठेवा.

ही मागणी मला इतकी महत्त्वाची का वाटते, ते जरा सविस्तर सांगते.

नवी मुंबईत याआधीची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली होती. त्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. ठाण्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झालं होतं, तिथली मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून या जानेवारीपर्यंत, म्हणजे नवी मुंबईत साडेपाच वर्षांहून अधिक आणि ठाण्यात पावणेचार वर्षांहून अधिक काळ, या शहरांत लोकांनी निवडलेलं सभागृहच नव्हतं. २०१५ साली सतरा वर्षांची असलेली घणसोलीची मुलगी महापालिकेसाठी पहिल्यांदा मत द्यायला गेली तेव्हा तिने पंचविशी केव्हाच ओलांडली होती. मधल्या काळात तिने लोकसभेला मत दिलं, विधानसभेला दिलं. पण तिच्या गल्लीतला दिवा, तिच्या पाण्याचा दर आणि तिच्या घरासमोरच्या मोकळ्या भूखंडाचं भवितव्य ज्या ठिकाणी ठरतं, तिथे तिचा कोणीच माणूस नव्हता.

संविधान याबाबत संदिग्ध नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, अनुच्छेद २४३-यू संविधानात आला. महापालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं तो सांगतो. महापालिका बरखास्त केली गेली तरी सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते, असंही तोच अनुच्छेद सांगतो. मला हा भाग फार बोलका वाटतो. एखाद्या सभागृहाने गैरकारभार केला, म्हणून सरकारने ते मोडलं, तरी लोकांना सहा महिन्यांहून जास्त काळ प्रतिनिधींशिवाय ठेवायचं नाही. इथे तर कोणीच काही मोडलं नव्हतं. मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली नाही, एवढंच.

ती का झाली नाही, हेही एकदा नीट आठवायला हवं, कारण प्रचारात प्रत्येकाने आपापल्या सोयीचं तेवढंच सांगितलं. सुरुवातीला कोविड होता. नवी मुंबईची निवडणूक मार्च २०२० मध्ये पुढे ढकलली गेली ती त्यामुळेच आणि त्यात कोणाला दोष देता येणार नाही. मग मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची, म्हणजे आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, संस्थानिहाय प्रमाण आणि एकूण आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा अशी, अट घातली. ती चाचणी पूर्ण करायला राज्याने वेळ घेतला. मार्च २०२२ मध्ये तेव्हाच्या सरकारने प्रभागरचनेचे अधिकार कायदा करून स्वतःकडे घेतले. सदस्यसंख्या वाढवली गेली, ठाण्याचे १३१ चे १४२ झाले, नवी मुंबईचे १११ चे १२२ झाले. ४ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने, मुदत संपलेल्या संस्थांचा निवडणूक कार्यक्रम दोन आठवड्यांत जाहीर करा, असं सांगितलं. त्या उन्हाळ्यात सरकार बदललं. नव्या सरकारने ऑगस्टमध्ये सदस्यसंख्या पुन्हा जुन्या आकड्यांवर आणली, वाद पुन्हा न्यायालयात गेला आणि "जैसे थे" चा आदेश झाला. तो जवळजवळ तीन वर्षं टिकला. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश दिला, आणि सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख घालून दिली. तेव्हा कुठे राज्यातल्या २९ महापालिकांना मतदान मिळालं.

या घटनाक्रमात महाविकास आघाडीही आहे आणि महायुतीही आहे. तुमच्यातल्या बहुतेकांचे पक्ष यांपैकी कुठल्या ना कुठल्या सरकारात होते. मी हे जुन्या जखमा उकरण्यासाठी लिहीत नाही. निवडणूक लांबणं कुठल्याच सत्तेला फारसं अडचणीचं वाटलं नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. लांबणीला प्रत्येक वेळी एखादं कायदेशीर कारण होतं. कायदेशीर कारणांची अशी रांग लागली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला संविधानाचा एक स्पष्ट आदेश कित्येक वर्षं पाळला गेला नाही.

आता प्रशासक म्हणजे नेमकं काय, हे सांगते. तुमच्यापैकी बरेच जण पहिल्यांदाच सभागृहात येता आहात, म्हणून.

आपल्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. या कायद्याने एका महापालिकेत अनेक अधिकारी मंडळं निर्माण केली: महासभा, १६ सदस्यांची स्थायी समिती, प्रभाग समित्या, परिवहन समिती आणि आयुक्त. आयुक्त राज्य सरकार नेमतं, महासभा लोक निवडतात. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. पण करांचे दर महासभेने ठरवायचे. अंदाजपत्रक आयुक्तांनी स्थायी समितीला सादर करायचं, समितीने त्यात फेरफार करून महासभेकडे पाठवायचं. मोठी कंत्राटं स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय करायची नाहीत. आणीबाणीच्या प्रसंगी आयुक्तांना तातडीने पाऊल उचलता येतं, पण मग ते लगेच समितीला आणि महासभेला कळवायचं. मुख्य लेखापरीक्षक हिशेब तपासतो आणि आपला अहवाल स्थायी समितीला देतो. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना आयुक्तांवर अविश्वास दाखवायचा नव्हता. खर्च करणारा हात आणि मंजुरी देणारा हात वेगळे ठेवायचे होते, इतकंच.

प्रशासक नेमला की हे सगळं एका खुर्चीत येतं. आपल्या दोन्ही शहरांत आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे खात्याने प्रस्ताव तयार करायचा, आयुक्तांनी तो पुढे पाठवायचा आणि स्थायी समिती म्हणून तो त्यांनीच मंजूर करायचा, महासभा म्हणूनही त्यांनीच. लेखापरीक्षकाने ज्यांच्या कारभारावर आक्षेप नोंदवायचा, अहवालही त्यांच्याच टेबलावर ठेवायचा. तुमच्या-माझ्या गृहनिर्माण संस्थेत सचिवाने ठरवलं की यापुढे व्यवस्थापन समितीही मीच, सर्वसाधारण सभाही मीच आणि हिशेब तपासनीसाचा अहवाल वाचणाराही मीच, तर पहिल्याच महिन्यात सभासद उपनिबंधकांकडे धाव घेतील. सचिव कितीही सज्जन असला तरी. २०२५-२६ मध्ये आपल्या दोन्ही महापालिकांचं अंदाजपत्रक प्रत्येकी पाच हजार कोटी रुपयांच्या वर होतं. एवढ्या पैशाची मंजुरी ज्या दालनात झाली तिथे प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला एकही माणूस बसलेला नव्हता.

प्रशासकांचे ठराव बेकायदा होते असं मी म्हणत नाही. कायद्यातल्या तरतुदीनेच त्यांची नेमणूक झाली आणि कारभार कोणीतरी चालवायलाच हवा होता. या काळात या शहरांना मिळालेल्या अधिकाऱ्यांत कष्टाळू माणसं होती, कोविडच्या काळात तर काहींनी रात्रंदिवस काम केलं. स्वच्छतेत नवी मुंबईचा नंबर वरचा राहिला. म्हणूनच एक वाक्य मी लोकलमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत पुन्हा पुन्हा ऐकलं: "नगरसेवक नाहीत तेच बरं आहे, कामं तरी होतात." या वाक्याची मला भीती वाटते. ते बोलणारे लोक चांगले आहेत, आणि त्यांच्या अनुभवात खरेपणा आहे, म्हणून जास्तच.

तो खरेपणा तुम्हीही मान्य करा. ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. तेव्हा ठाण्यात सभागृह होतं, स्थायी समिती होती, महापौर होते. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत नगरसेवकही होता आणि महापालिकेचा उपायुक्तही होता. म्हणजे लोकनियुक्त सभागृह असलं की कायदा आपोआप पाळला जातो, असं ठाण्यात राहणाऱ्या कोणालाही म्हणता येणार नाही. आणि प्रशासक असला की तो पाळला जातो असंही नाही. जून २०२५ मध्ये, सभागृह नसताना, त्याच शीळ भागातल्या बेकायदा इमारती पाडा, असा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. त्या इमारतींमधली कुटुंबं पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर आली. बारा वर्षांच्या अंतराने त्याच भागात तोच रोग. दोन्ही वेळा कागदोपत्री कायदा जागच्या जागी होता.

फरक आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. सभागृह असतं तेव्हा चूक झाली तर ती इतिवृत्तात सापडते. प्रस्ताव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, विरोध कोणी नोंदवला, कोण गैरहजर राहिलं, हे दहा वर्षांनीही काढता येतं. सत्ताधाऱ्यांमधलाच एखादा नाराज सदस्य उठून बोलतो, विरोधी बाकावरचा गोषवाऱ्यातली खोच काढतो, पत्रकार कक्षातले लिहून घेतात, प्रेक्षक सज्जातला माणूस ऐकतो. या गडबडीत वेळ जातो, कधीकधी लाजिरवाणे प्रसंगही घडतात, पण निर्णयाभोवती माणसांची नजर असते. एका दालनात, एका सहीने झालेला निर्णय कितीही चांगला असो, त्याभोवती ती नजर नसते. आणि नजर नसलेला अधिकार पाच-सहा वर्षं चालला की तो वापरणाऱ्यालाही त्याची सवय होते, सहन करणाऱ्यालाही होते.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. मुंबई, पुणे आणि राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांत हेच झालं. बंगळुरूच्या महापालिकेत सप्टेंबर २०२० पासून लोकनियुक्त सभागृह राहिलं नाही. सत्ता कोणत्या पक्षाची, याने फारसा फरक पडलेला दिसत नाही. तात्पुरता म्हणून हाती आलेला अधिकार सहसा आपणहून परत दिला जात नाही.

या संदर्भात मला बिहारचा एक जुना खटला नेहमी आठवतो, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले संशोधक डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करत होते. अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की तिथले कित्येक कायदे विधिमंडळाने केलेलेच नाहीत. राज्यपालांच्या सहीने अध्यादेश निघतो, अधिवेशन भरलं की सहा आठवड्यांत त्याची मुदत संपायला हवी, पण अधिवेशन संपता संपता तोच अध्यादेश पुन्हा निघतो. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले होते, काही तर चौदा वर्षांपर्यंत. विधानसभा होती, निवडणुका होत होत्या, पण कायदा करण्याचं काम सचिवालयात चाललं होतं. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही पद्धत म्हणजे संविधानाची फसवणूक आहे, असं सांगितलं. कायद्याचं राज्य हा संविधानाचा गाभा आहे आणि संविधानानुसार झालेल्या कायद्यानेच आपल्यावर राज्य व्हावं, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, हेही न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केलं. अभ्यासासाठी न्यायालयाने वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी देववले.

अध्यादेश आणि प्रशासक या कायद्याच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत आहे. पण दोन्हींची चाल एकच आहे. अडचणीच्या काळापुरती म्हणून दिलेली सोय पुढे ढकलत ढकलत नेहमीची करायची आणि दरवेळी नियमावर बोट ठेवायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना हाच धोका सांगितला होता. संविधानाच्या शब्दाला हात न लावता नुसती कारभाराची पद्धत बदलून ते संविधान विकृत करता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणूनच कारभाराचे तपशीलसुद्धा संविधानात घालावे लागले, असं त्यांनी समजावलं. अनुच्छेद २४३-यू मधला सहा महिन्यांचा तपशील हा त्याच सावधपणाचा वारसा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात हे पत्र लिहायला बसले तिच्याकडे येते. विकास आराखडा.

नवी मुंबई महापालिका १९९२ पासून अस्तित्वात आहे, पण तिचा स्वतःचा पहिला विकास आराखडा प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, म्हणून लोकांसमोर आला तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये. तोवर सिडकोच्या नियोजनावरच शहर उभं राहिलं होतं. ठाण्याचा सुधारित विकास आराखडा प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला २०२४ मध्ये. म्हणजे पुढची वीस वर्षं कुठून रस्ता जाणार, कुठे शाळा, कुठे मैदान, कुठे दवाखाना, कुठला भूखंड मोकळा राहणार आणि कुठल्या गावठाणाच्या मधून रेघ ओढली जाणार, हे सांगणारे दोन्ही नकाशे लोकांपुढे आले ते नेमके सभागृह नसतानाच्या काळात.

१९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात आराखड्याची पद्धत दिली आहे. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर लोकांच्या हरकती-सूचना येतात. त्या ऐकायला कलम २८ नुसार एक नियोजन समिती नेमायची असते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेली, चारपेक्षा जास्त नाहीत इतकी, जाणकार माणसं असतात. या रचनेमागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. घर रस्त्यात जातंय म्हणून रडवेला झालेला माणूस सुनावणीला येतो तेव्हा समोरच्या टेबलामागे नुसते तज्ज्ञ नसावेत, लोकांनी निवडलेले तिघेही असावेत. त्या तिघांना उद्या पुन्हा त्याच माणसाच्या दारात मत मागायला जायचं असतं, म्हणून ते निराळ्या कानाने ऐकतात. स्थायी समितीच अस्तित्वात नसेल तर ते तीन जण लोकांनी निवडलेले कसे असणार? कोळीवाड्यातल्या, गावठाणातल्या, चाळीतल्या आणि जुन्या सोसायट्यांमधल्या लोकांनी लिहिलेल्या हरकती त्यांच्या प्रतिनिधीने ऐकाव्यात, ही कायद्याची अपेक्षा त्या काळात पूर्ण होऊच शकत नव्हती. तलाठी कार्यालयात खेटे घालून सातबारा काढणाऱ्या, नकाशावरची रंगीत रेघ आपल्या अंगणातून जाते का हे शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडून समजून घेणाऱ्या माणसांनी हरकती लिहिल्या आहेत. त्या कागदांचं पुढे काय झालं, हे विचारणारं पहिलं सभागृह तुमचं आहे.

म्हणून माझी पहिली विनंती ही की आराखड्यावर एक विशेष महासभा बोलवा. किती हरकती आल्या, किती मान्य झाल्या, भूखंडांवरची कोणती आरक्षणं, म्हणजे शाळा-मैदानांसाठी राखलेल्या जागा, वगळली, कोणती बदलली आणि प्रत्येक बदलामागचं लेखी कारण काय, एवढं पटलावर ठेवायला सांगा. प्रकरण शासनाकडे गेलं असेल, तुमच्या हातात अधिकार फारसा उरला नसेल, असं अधिकारी म्हणतील. तसं असेल तरी मागा. सभागृहात वाचलेला कागद लोकांच्या मालकीचा होतो.

दुसरी विनंती ठरावांची. प्रशासकांनी महासभेच्या आणि स्थायी समितीच्या अधिकारात केलेल्या प्रत्येक ठरावाची यादी, क्रमांक, दिनांक, रक्कम आणि मूळ प्रस्तावासह संकेतस्थळावर एका ठिकाणी लावायला लावा. पाच वर्षांहून लांब मुदतीची कंत्राटं, भाडेपट्ट्याने दिलेले भूखंड आणि आरक्षणातले फेरबदल यांची यादी वेगळी करा, कारण त्यांचे परिणाम तुमच्या मुदतीच्याही पुढे जाणार आहेत. मुख्य लेखापरीक्षकांचे त्या काळातले अहवाल नव्या स्थायी समितीपुढे नव्याने ठेवा. यातलं काही रद्द करायला हवंच असं नाही. बहुतेक ठराव योग्यच निघतील, असं मी धरून चालते. पण योग्य निर्णयसुद्धा ज्यांच्यासाठी घेतला त्यांना दाखवावा लागतो.

तिसरी विनंती जरा कडू लागेल. ती तुमच्या फोनबद्दल आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बांधकामं पाडण्याबाबत देशभरासाठी निकाल दिला. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई त्या पीठावर होते. प्रशासनाने स्वतःच न्यायाधीश होऊन कोणाचं घर पाडू नये, हे त्याचं सार. नोंदणीकृत टपालाने किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणं मांडण्याची संधी, कारणांसह अंतिम आदेश, त्यानंतर पुन्हा पंधरा दिवस आणि पाडकामाचं चित्रीकरण, अशी पद्धत घालून दिली. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-तलावावरचं अतिक्रमण आणि न्यायालयाने आदेश दिलेली प्रकरणं एवढीच त्यातून वगळली. या निकालाची चर्चा झाली ती उत्तरेतल्या राज्यांमुळे. पण तो दिवा, मुंब्रा, कळवा, दिघा, घणसोली, बेलापूर इथेही तितकाच लागू आहे.

आपल्याकडे या निकालाला सगळ्यात मोठा धोका आहे तो तोंडी आदेशाचा. साहाय्यक आयुक्तांना एक फोन येतो, "तिथली कारवाई थांबवा." दुसरा येतो, "त्याच्या दुकानावर आजच गाडी पाठवा." कुठेच काही लिहिलं जात नाही. ज्याचं बांधकाम वाचलं तो आयुष्यभर उपकारात राहतो, ज्याचं गेलं त्याला कोणाविरुद्ध दाद मागायची तेच कळत नाही. लकी कंपाउंडसारख्या इमारतींना पाया खणण्यापासून शेवटच्या स्लॅबपर्यंत कोणीच अडवत नाही, ते अशा न लिहिलेल्या शब्दांमुळे. प्रशासकाची एकहाती सही आणि नगरसेवकाचा एकहाती फोन यांत मला फार फरक दिसत नाही. दोन्हींत निर्णय एका माणसाच्या मर्जीवर येतो. म्हणून कारवाई हवी असेल तर लेखी पत्र द्या, कारवाई चुकीची वाटत असेल तरी लेखी पत्र द्या, आणि ती पत्रं प्रभाग समितीच्या कामकाजात नोंदवायला लावा. तुमच्यापैकी एकाने जरी हे पाळलं तरी त्या प्रभागातला कनिष्ठ अभियंता मोकळा श्वास घेईल.

निवडून आलेल्या भगिनींना इथे वेगळं सांगायचं आहे. पन्नास टक्के आरक्षणामुळे दोन्ही सभागृहांत तुम्ही निम्म्याने आहात. प्रश्न तुमच्या नावाने असेल तर तो तुम्हीच विचारा, पत्रावर सहीही तुम्हीच करा. कार्यालयात तुमच्या जागी घरातलं दुसरं कोणी बसू लागलं, तर तोही न निवडलेल्या माणसाच्या हाती गेलेला अधिकारच.

अधिकारी सहकार्य करणार नाहीत, ही शंका तुमच्या मनात येईल. मला ती तितकीशी वाटत नाही. पण कायद्याने तुम्हाला रिकाम्या हाताने बसवलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या. एकूण सदस्यांच्या किमान पाच अष्टमांश जणांनी ठराव केला तर सरकारला आयुक्त परत बोलवावे लागतात. हे शेवटचं हत्यार आहे आणि ते उठसूट काढू नये, ठेकेदाराच्या सांगण्यावरून तर कधीच नाही. उलट सभागृहाचा एखादा ठराव कायद्याविरुद्ध असेल तर कलम ४५१ खाली सरकार तो निलंबित करू शकतं. म्हणजे आयुक्तांवर तुमचा लगाम, तुमच्यावर सरकारचा आणि सगळ्यांवर न्यायालयाचा. ही रचना चालायची तर प्रत्येक जागेवर कोणीतरी बसलेलं असावं लागतं. तुमची जागा फार दिवस रिकामी होती.

आणखी एक. आता बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. नवी मुंबईत २०१५ पर्यंत एका प्रभागाचा एकच नगरसेवक असे, त्यामुळे विचारायचं कोणाला हे लोकांना माहीत होतं. आता चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. २००९ मध्ये आपल्या कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद आली, मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामं सुचवायची आणि विचारपूस करायची, म्हणून. ती तरतूद प्रत्यक्षात आणा. चौघांनी मिळून वर्षातून दोनदा एखाद्या शाळेच्या सभागृहात बसा, सोबत अधिकाऱ्यांना बसवा आणि ठरावांची यादी वाचून दाखवा. लोक भांडतील. त्यांना भांडू द्या, इतकी वर्षं त्यांना भांडायलाही जागा नव्हती.

पाचपाखाडीच्या मुख्यालयात आणि बेलापूरच्या मुख्यालयात महासभेची विषयपत्रिका निघाली की मी ती मागवून घेणार आहे. आराखड्यावरची विशेष सभा आणि प्रशासकीय ठरावांची यादी हे दोन विषय त्यात आले तर प्रेक्षक सज्जात येऊन बसेन, ओळखीच्या वकिलांना आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनाही घेऊन येईन. नाही आले तर माहितीच्या अधिकारात ती यादी मी स्वतः मागवेन आणि मिळेल तशी लोकांना वाचायला देईन. ती तुमच्याकडून आली तर मला जास्त आनंद होईल.

आपली,
ऐरोलीची एक मतदार